चौथा ढीग

छकुलीने बटणांचा डबा पुढ्यात ओढला, तशी नवीच्या हातातली सुई थांबली.

गृहपाठ साधाच होता. 'तुमच्या घरावर भागाकाराचं एक उदाहरण तयार करा. बाकी उरता कामा नये.' आधी मणी, खडे, काहीतरी घेऊन खरंखुरं वाटून बघा आणि मगच लिहा, असं बाईंनी वर बजावलं होतं. शिवणकामाच्या घरात बटणांना काय तोटा!

छकुलीने वहीत लिहिलं होतं, 'बाबांनी बारा संत्री आणली. ती घरातल्या माणसांना सारखी वाटली. प्रत्येकाला किती?'

आता घरातली माणसं किती, ते तीच ठरवणार होती. छकुलीच्या बाबांशी लग्न होऊन ती या घरात आल्यापासून शेजारणी तिला नवी म्हणत, नवरा अगं म्हणे आणि पोरगी कशानेच हाक मारत नसे. एकवेळ भांडावं, आदळआपट करावी, पण हे असं भिंतीशी बोलल्यासारखं बोलणं! नवीच्या जिवाला ते फार लागे. म्हणून तर ती उसवलेली बाही हातात धरून बघत बसली होती. बाबा, छकुली आणि तिचा धाकटा भाऊ असे तीनच ढीग झाले, तर आपण या घरात नाही. चार झाले, तर आहोत. इतकं सरळ होतं ते.

टेबलावर पहिलं बटण पडलं. दुसरं. तिसरं. छकुली जरा थांबली आणि तिने पलीकडे चौथं ठेवलं.

नवी पुढे झुकली. मोजून घेतलेली बारा बटणं एकेक करून संपली. चार ढीग, प्रत्येकात तीन.

बाबा नुकतेच कामावरून आले होते. दारात बूट काढता काढता तेही बघत होते. "शाब्बास! बघितलंस?" त्यांनी बायकोला खुणावलं. "पोरगी मनाने वाईट नाही, म्हटलं नव्हतं मी? बरं, कुणाकुणाचे गं हे?"

"तुमचा, माझा, धाकट्याचा." छकुलीने चौथ्या ढिगावर बोट ठेवलं. "आणि हा आईचा."

बाबांचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला.

"आई नाही आता, छकुले. दोन वर्षं झाली. किती वेळा सांगायचं?" चौथा ढीग नवीकडे सरकवायला त्यांनी हात पुढे केला. "हा हिचा. लिही."

छकुलीने पंजाने ढीग झाकला. डोळे भरले, पण रडली नाही. बापाचीच लेक ती, हटायची कसली!

"लिही म्हणतो ना!"

"राहू द्या हो," नवी म्हणाली. "तो तिच्या आईचाच आहे." वाईट तर वाटलंच, खोटं कशाला बोला? तिने विचारलं, "मग मला काहीच नाही?"

पोरीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"पाच जणांत बारा बसत नाहीत," ती पुटपुटली. "दोन उरतात. मी काल करून बघितलं."

काल! नवीच्या हातातली बाही मांडीवर पडली. म्हणजे कुणाचं लक्ष नसताना पोरीने पाच ढीग मांडून बघितले होते.

"बाईंनी संत्री बाराच सांगितलीत का गं?"

"नाही. कितीही चालतील."

"मग अडलंय कुठे?" नवीने डबा तिच्याकडे सरकवला.

छकुलीने डब्याकडे पाहिलं. एक हात ढिगावर तसाच होता. दुसऱ्या हाताने तिने डबा चाचपला आणि तीन बटणं काढून नवीच्या पुढ्यात ठेवली. मग खोडरबर घेऊन 'बारा' खोडायला लागली. एका हाताने खोडताना पान सरकू लागलं, तेव्हा नवीने बोटाने त्याचा कोपरा दाबून धरला. छकुलीने 'पंधरा' लिहिलं.

"बाबांचे तीन, माझे तीन, धाकट्याचे तीन, यांचे तीन." मग पंजा जरासा उचलून ती खाली डोकावली. "आईचे पण तीनच आहेत," ती बाबांना म्हणाली आणि मगच तिने हात काढला.