मागची तारीख

"सिस्टर, तारीख तेवढी मागची टाका. शनिवारी विमान आहे," बाही वर सारत एजंट म्हणाला.

सिस्टरने मान वर केली आणि हातातला कापूस तसाच राहिला. दोन वर्षं ती याच माणसाची वाट बघत होती.

त्याने तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा? माणसं परदेशी कामाला धाडणं हा त्याचा धंदा; मेलेल्यांच्या बहिणी लक्षात ठेवायला त्याला सवड कुठली! तिच्या दादालाही त्यानेच धाडलं होतं. पीतज्वराची लस टोचून दुसऱ्याच दिवशी विमानात बसवलं. ती लस अंगात लागू व्हायला दहा दिवस जातात, पण याच टेबलावर, आधीच्या कारकुनाकडून, विमानतळावर दाखवायच्या लसीच्या कार्डावर मागची तारीख पाडून घेतली होती. तिकडे पोचल्या पोचल्या डासांनी दादाला गाठलं. पंधरवड्यात तो पेटीतून परत आला. "हवा मानवली नाही हो त्याला," एजंट आईला म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

सिस्टरने पोलिसांत तक्रार केली. कारकून निलंबित झाला तेव्हा तिने मुद्दाम बदली मागून हे टेबल घेतलं.

"कुठे निघालात?" तिने विचारलं.

त्याने देशाचं नाव सांगितलं. दादा गेला होता तोच देश.

तिचे हात शिवशिवले. काही करायचंच नव्हतं. तो मागतोय ते द्यायचं, बाकीचं तिकडचे डास बघून घेतील. मर मेल्या, तूही पिवळा पडून मर. तिने तारखेच्या शिक्क्याची चाकं मागे फिरवायला घेतली. एक दिवस, दोन दिवस, तीन. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "अरे, सोमवारी पोलिसांची चौकशी आहे म्हणून तर शनिवारी उडतोय," तो हसत म्हणाला. "एकदा गेलो की कोण येतंय परत! बसू दे त्या पोराच्या घरच्यांना बोंबलत."

सिस्टरचं बोट थांबलं. मग चाकं पुन्हा पुढे आली. तिने लस टोचली, अगदी नीट. पासपोर्टचा नंबर रजिस्टरात उतरवला. शिक्का मारून कार्ड पुढे सरकवलं.

कार्ड बघताच एजंटचा चेहरा पडला. "अहो, ही तर आजची तारीख!"

"आज टोचली, आजचीच पडणार. दहा दिवस हे कार्ड विमानतळावर चालायचं नाही. आणि शहरात दुसरं केंद्र नाही."

"मग सोमवारी मी काय करू?"

"दंड चोळू नका," सिस्टर म्हणाली. "आणि चौकशीला वेळेवर या. त्या पोराच्या घरची मीच आहे."