दुसरी रेघ

"लावून की तसंच?" बुरुलने विचारलं.

जिपार आरशापुढे केस विंचरत होती. हमामाच्या मागच्या खोलीत त्या दोघीच होत्या. गिऱ्हाइकं यायला अजून अवकाश होता. जिपारने कंगवा थांबवला नाही. "कोणाचं विचारताय, एजे?"

गल्लीतल्या सगळ्याच पोरी बुरुलला एजे म्हणत, मोठी बहीण. आज मात्र ते नातं तिच्या कानाला टोचलं.

"भोळेपणाचा आव आणू नकोस. तालायचं विचारतेय."

तालाय बिश्केक शहरभर टॅक्सी फिरवायचा. तीन वर्षं तो बुरुलचा माणूस होता. मुल्लाला बोलावून निकाह लावायचं दर वसंतात ठरायचं आणि दर वसंतात राहून जायचं. पण त्याच्या गाडीत गिऱ्हाइकं मागे बसत आणि पुढची सीट बुरुलची, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. काल ओश बाजाराच्या वळणावर तिला ती गाडी दिसली. पुढच्या सीटवर जिपार होती आणि कुरुत चघळत होती. वाळवलेल्या दह्याचे असे खारट गोळे शहरात कुठेही मिळतात, पण जिपारच्या मांडीवर ते ज्या फडक्यात बांधलेले होते, त्याची गाठ तालायच्या आईच्या हातची होती.

तिने झिंज्या उपटल्या नाहीत. हा एकच प्रश्न विचारला, कारण या धंद्यात सगळं त्याच्या उत्तरात असतं. कंडोम लावून असेल तर ते काम. मग समोरचा मंत्री असो की टॅक्सीवाला, गिऱ्हाईकच. तसंच असेल तर मात्र तो आपला. बुरुलने गिऱ्हाइकाला कधी सूट दिली नव्हती. तालायला पहिल्या हिवाळ्यापासून होती. "नवराबायकोत रबर कशाला गं?" असं तो म्हणाला होता आणि त्या एका वाक्याच्या उबेवर तिने तीन हिवाळे काढले होते.

गंमत अशी, की पोरींना कंडोम वाटायचं आणि शहाणं करायचं काम बुरुलचंच. गल्लीत आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेने तिला मुद्दाम निवडलं होतं, कारण तिची जीभ तिखट आणि पोरी तिला टरकून असत. नवी पोरगी आली की पुढ्यात काकडी ठेवून ती एकेक नियम पाठ करून घ्यायची. जिपारकडूनही घेतले होते. शेवटचा नियम तेवढा तिने स्वतःपुरता गाळला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

"बोल ना! तोंडात कुरुत आहे का अजून?"

जिपारने कंगवा ठेवला आणि वळून सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"तसंच," ती म्हणाली. "तो म्हणतो, नवराबायकोत रबर कशाला?"

शब्दन् शब्द तोच. बुरुलच्या अंगाचा तिळपापड झाला. ही तेवीस वर्षांची भवानी, जिला धड चहा करता येत नाही, ती तालायची बायको! आणि मग आपण कोण?

तेवढ्यात गल्लीत संस्थेच्या गाडीचा भोंगा वाजला. आज गरमीची, म्हणजे सिफिलिसची, तपासणी होती. बुरुलच्या मनात एक वाईट विचार आला आणि तिने तो हाकलला नाही. असू दे या सटवीला गरमी. एकदा पट्टीवर दोन रेघा उठल्या की तालाय हिच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही.

"चल, बोट टोचून घे," ती म्हणाली.

"तुम्हीही घेणार असाल तरच."

"मला काय धाड भरलीय?" बुरुल म्हणाली. पोरींना धरून नेता नेता स्वतःचं बोट पुढे करायचं ती दर वेळी टाळत आली होती. पण आज तिला जिपारची पट्टी बघायचीच होती. "बरं, घेते. चल."

गाडीत रईसा नर्सने दोघींची बोटं टोचली आणि दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. बुरुलने जिपारच्या पट्टीवर डोळे रोवले. एक रेघ उठली. ती तर सगळ्यांचीच उठते. आता दुसरी. उठू दे, देवा, उठू दे. पट्टी वाळत आली तरी दुसरी रेघ काही उठेना.

"बुरुल," रईसा हळूच म्हणाली, "तिची काय बघतेस? तुझी बघ."

बुरुलने पाहिलं. दोन रेघा होत्या, ठळक.

"इंजेक्शनांनी बरी होशील," रईसा म्हणाली. "पण तुझ्या माणसालाही घेऊन ये."

बुरुलला ते ऐकूच गेलं नाही. ती जिपारच्या पट्टीकडे बोट दाखवत होती. "हिला कसं नाही? ही तर त्याच्याशी तसंच..."

जिपारचा चेहरा उतरला होता. "खोटं बोलले मी, एजे. तुम्ही त्याची बायको म्हणून मिरवायचात, माझा जीव जळायचा. म्हटलं, एकदा तुमचाही जळू दे. तो म्हणाला होता तसंच, पण मी ऐकलं नाही. लावायलाच लावलं."

"का?" बुरुलने विचारलं. "बायको म्हणाला ना तुला?"

"म्हणून तर." जिपारने मान खाली घातली आणि काकडीपुढे बसून म्हणायची तसा शेवटचा नियम म्हटला. "पैसे देईल त्याला लावायचं. बायको म्हणेल त्याला आधी लावायचं."