चिऊचं नाव काढायचं नाही

"एकच अट," तो म्हणाला. "तिथे दोन दिवस चिऊचं नाव काढायचं नाही."

ती ओट्याशी दुधाच्या बाटल्या उकळत होती. "आणि निघालंच तोंडातून तर?"

"महिनाभर भांडी."

ती हसली. तोही हसला. मग दोघंही जरा ओशाळली, इतक्या दिवसांनी हसली होती.

चिऊ आठ महिन्यांची. या आठ महिन्यांत त्यांचं बोलणं दूध, ताप आणि लंगोट एवढ्यावर आलं होतं. मागे एकदा तो सहज म्हणाला होता, "आपण नवराबायको राहिलोच नाही. एका पाळणाघरातले दोन नोकर झालोय." ते वाक्य तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. वाळवंटातला लॉज तिनेच शोधला. व्हरांड्यापासून क्षितिजापर्यंत नुसती वाळू, मोबाइलला रेंज नाही. इथे जमलं तर जमलं, नाहीतर संपलं, असं तिने धरूनच ठेवलं होतं.

बेत तिने कागदावर लिहून फ्रिजवर लावला. शनिवारी तिची प्रयोगशाळेत सकाळची पाळी. ती तिथूनच बसने येणार. तो रात्रपाळी करून घरी येणार, चिऊला गाडीत मागच्या सीटवर निजवून वाटेत आपल्या ताईकडे सोडणार आणि तसाच पुढे निघणार.

"जमेल ना?"

"चार मशिनी सांभाळतो मी रात्रभर. एक चिमणी नाही सांभाळता येणार?"

"झालं, काढलंस नाव."

"अट शनिवारपासून."

ती पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. अंगणाच्या टोकाला, भर उन्हात, त्यांची गाडी उभी दिसली आणि तिच्या जिवात जीव आला. ऐनवेळी त्याने अंग काढून घेतलं नव्हतं. तो व्हरांड्यात खुर्चीतच झोपला होता, बूटसुद्धा न काढता. तिने त्याला उठवलं नाही. अंघोळ केली, घडी मोडायची राहिलेला पिवळा कुर्ता घातला आणि त्याच्या शेजारी बसून राहिली.

जाग आल्यावर तो तिच्याकडे बघतच राहिला. "छान दिसतेस."

चहा आला. रडली का, बाटली संपवली का, ताईने हात पुढे केल्यावर गेली का तिच्याकडे? सगळे प्रश्न तिने घोटाबरोबर गिळले.

"दोनदा तोंड उघडून मिटलंस," तो म्हणाला. "बोल की."

"नको बाई. भांडी कोण घासणार?"

तो मोकळेपणाने हसला. खूप दिवसांनी त्याने तिचा हात हातात घेतला. "किती शांत रस्ता होता माहितीये? झोप डोळ्यांवर होती, पण मन तुझ्याकडे. घरून निघालो तो सरळ इथेच. कधी पोचलो, कळलंही नाही."

तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. जमतंय, तिला वाटलं. जमतंय आपलं.

चारच्या सुमाराला व्यवस्थापक ऑफिसमधून बाहेर आले. उन्हाने डोळे बारीक करत, दोघांची लगट बघून थोडं लांबच थांबले.

"माफ करा हं, मध्येच आलो. ऑफिसच्या फोनवर तुमच्या ताई होत्या. सकाळपासून लाइनच लागत नव्हती म्हणे. त्या विचारत होत्या, चिऊला तुमच्याबरोबरच नेलंत का? त्या अजून वाट बघतायत."