आत्याची सही

विमानातून एकटीनं समुद्र ओलांडणारी पहिली बाई म्हणजे माझी आत्या! रातोरात तिचा फोटो काड्यापेटीवरसुद्धा आला. उद्याच्या उड्डाणात मागच्या सीटवर मी बसणार, हे शाळाभर सांगून झालं होतं. आज फक्त तिचे डोळे तपासायचे होते. डॉक्टरांच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मीच वहीत उतरवून आणून तिच्याकडून घोकून घेतला होता. म्हटलं, परीक्षेची भीती कुणाला नसते! आत्यानं शेवटची ओळसुद्धा घडाघडा म्हटली. “वा, घारीची नजर!” डॉक्टर म्हणाले. “ताई, माझ्या मुलीसाठी सही द्या ना.” आत्यानं झोकात सही केली. कागद कोराच राहिला. सही टेबलावर उमटली. “मोठ्या माणसांची घाईच फार!” डॉक्टरांनी हसून प्रमाणपत्रावर शिक्का मारला. आत्यानं ते माझ्याकडे दिलं. “बघ गं, शिक्का नीट उमटलाय ना?” शिक्का तळहाताएवढा होता. शाळाभर सांगून झालेलं मला आठवलं. मी म्हणाले, “उमटलाय.”