दहा सेकंद

"त्या पावडर थापलेल्या पोरात तुला काय दिसतं गं?" सलवा भागातल्या हॉटेलापाशी गाडीतून सोडतानाही नवऱ्यानं, प्रभाकरनं, टोमणा मारलाच. शामला खाली उतरली. सकाळी तापाची गोळी गिळून तिनं कुवेतच्या इस्पितळात नर्सची अख्खी ड्यूटी केली होती, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आत चाहत्यांच्या भेटीत कोरियन नटाचा हात प्रत्येकीला दहा सेकंद मिळणार होता. लेकीनं, आर्यानं, तिच्याकडून 'तुम्ही मला फार आवडता' हे कोरियन वाक्य महिनाभर घोकून घेतलं होतं. तिचा नंबर आला आणि सवयीनं शामलाची बोटं त्याच्या मनगटावर गेली. दहा सेकंदांत एकवीस ठोके. सहानं गुणले, एकशे सव्वीस. त्याचा हात गारढोण, आणि हा चारशे बायकांसमोर हसत उभा. घोकलेलं वाक्य राहिलं बाजूला. मालिका बघून शिकलेल्या मोडक्या कोरियनमध्ये ती म्हणाली, "दमलायस रे. जेव आणि झोप."

त्यानं दोन्ही हातांत तिचा हात धरला, कमरेत वाकला आणि हळूच काहीतरी बोलला.

परतताना गाडीत आर्यानं विचारलं, "ममा, व्हॉट डिड ही से?"

"म्हणाला, तुमचा हात तापलाय, आधी तुम्ही झोपा." शामलानं प्रभाकरकडे पाहिलं. "दहाच सेकंद लागले त्याला."