बाबांची गाडी

धाकट्याच्या पत्राला थोरल्याने उत्तर दिलं नव्हतं, त्याला वर्ष होत आलं. जाड गुळगुळीत कागद, त्यावर वळणदार अक्षर. 'दादा, बाबांची आठवण म्हणून त्यांची गाडी तरी माझ्याकडे असावी. तसं त्यांनी मला कबूल केलं होतं.' थोरला कितीदा तरी उत्तर लिहायला बसला आणि फाडून टाकलं. समोरासमोर तर धाकट्यापुढे त्याचा कधीच टिकाव लागला नव्हता. धाकटा खांद्यावर हात टाकून गोड बोलायचा, थोरला मान डोलावून मोकळा व्हायचा.

आता गाडी पोचवूनच टाकायची आणि तो विषय कायमचा मिटवायचा, असं त्याने ठरवलं होतं. बाबा पडले त्या दिवसापासून ती मागच्या शेडमध्ये उभी होती.

मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि झटकन मागे सरला.

"शी! काका, हे काय पाळलंय?"

इंजिनावर उंदरांनी संसार थाटला होता. सीटमधून ओरबाडून आणलेला फोम, चिंध्या, लेंड्या आणि मधोमध वाळून चिकटलेली पिल्लं. मुताचा वास डोळ्यांना झोंबत होता. बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरी खपली धरली होती, गळवावर धरते तशी. मेकॅनिकने नाकाला रुमाल बांधला. थोरल्याने हातमोजे चढवले, सगळं घरटं ओंजळीने उचललं आणि पिशवीत कोंबलं.

"तुम्हाला किळस नाही येत?"

"सवय आहे."

"दवाखान्यात होता की काय नोकरीला?"

"छे. ग्रंथालयात."

"मग बरोबर! जुनी पुस्तकं म्हणजे उंदरांचं माहेरघर."

थोरल्याने हसल्यासारखं केलं. तेवढ्यात त्याची बायको सोडा घातलेलं गरम पाणी घेऊन आली आणि बादली दाराशीच टेकवली.

"पुढे तुम्हीच उचला. माझ्या कंबरेत आता जोर राहिला नाही." मग मेकॅनिककडे वळली. "आज निघता येईल ना हो?"

"येईल काकू. जीव आहे तिच्यात अजून."

ती आत गेली.

सोड्याच्या पाण्याने खपली फसफसून वाहू लागली. टाकीतलं कुजकं पेट्रोल काढलं, तेव्हा मेकॅनिकला उमासा आला.

"नवी बॅटरी घाला, काका. हिला उठवतो मी, पण परत कधी मान टाकेल याचा नेम नाही."

"धाकट्याच्या दारापर्यंत पोचली की झालं. पुढचं तो बघेल."

"भावाला देताय?"

"तो हक्क सांगतोय."

"घ्या! इतकी वर्षं सांभाळली तुम्ही आणि न्यायला हे येणार!"

"न्यायला कुठला येतोय? मीच पोचवायचं."

मेकॅनिक बाजूला पचकन थुंकला. थोरल्याने मागचं दार उघडलं. बुरशीचा भपकारा आला. तो आत वाकला आणि फिनेलने मागची सीट घासत सुटला, हाताची सालटी निघेपर्यंत. पुढच्या सीटला त्याने फडकंसुद्धा लावलं नाही. घासून झाल्यावर मागे रबरी कापड अंथरलं.

"हे दार आतून उघडतं का?"

"लहान पोरांसाठी कळ असते इथे. ती लावली की फक्त बाहेरून उघडेल."

"लावून ठेव."

"नातवंडं येणार वाटतं बरोबर?"

थोरला कापडाच्या सुरकुत्या काढत राहिला.

मेकॅनिकने आपली व्हॅन गाडीच्या तोंडाला तोंड लावून उभी केली. लाल वायर लाल टोकांना जोडली, काळीचं शेवटचं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. गाडी खोकली, गुदमरली, पुन्हा खोकली. मग काळा धूर ओकत सुरू झाली. जळक्या केसांचा वास अंगणभर पसरला.

"वाटेत कुठे बंद करू नका हां."

"मला दर तासाला थांबावं लागेल."

"खुशाल थांबा, पण इंजिन चालू ठेवा."

दुपारी गाडी फाटकाबाहेर पडली. बायको क्षणभर उभी राहिली आणि तोंड फिरवून आत गेली. मागल्या दारी वाळत घातलेल्या चादरी तिने एकेक करून ओढून काढल्या.

कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीशी थोरल्याने गाडी थांबवली आणि इंजिन चालूच ठेवून उतरला. धाकट्याच्या तोंडावर बोलणं आपल्याला जमायचं नाही, हे ओळखून त्याने पहाटेच उत्तर लिहून ठेवलं होतं. या वेळी फाडलं नव्हतं. पाकीट पेटीत पडल्याचा आवाज येईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. आत एवढंच होतं:

'हे पत्र मिळेल तेव्हा गाडी तुझ्याकडे आलेली असेल. रात्रीची गोळी दुधात कुस्करून देत जा. नुसती दिली की बाबा थुंकतात.'