सप्रेम भेट

सरकारवर तोंडसुख घेणाऱ्या संपादकाला आमच्या खात्याने भिंतीवरचं घड्याळ भेट पाठवलं, पोटात माइक लपवून. महिनाभर मी हेडफोन लावून बसलो. टिकटिकीशिवाय काही ऐकू येईना. आज बाईमाणसाचा आवाज आला, तशी साहेबांनी धावत येऊन स्पीकर लावला. “अगं ताई, नव्या घरासाठी कुणीतरी घड्याळ दिलंय. आत ‘संपादकसाहेबांना सप्रेम भेट’ ही चिठ्ठी तशीच! आलेलं पुढे ढकललंय मेल्यांनी. मी लावलं सोफ्याच्या वर. ह्यांना आवडलं नाही, पण काढायची ह्यांची काय बिशाद!” साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. आवाज त्यांच्याच बायकोचा होता. “बंद कर! लोकांच्या घरातलं ऐकताना लाज नाही वाटत?” “साहेब, हे थेट मंत्र्यांनाही ऐकू जातं. थांबवायचं तर घड्याळ उतरवावं लागेल. वहिनींना सांगता?” साहेबांनी घसा खाकरला. “राहू दे. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.”